परत आलेला गायक आणि त्याचे श्रोते



आजचा विषय फळ्यावर लागला तेव्हा काही ज्येष्ठ मंडळींनी नाक मुरडले, हे माझ्या कानावर आले आहे. ‘रॅप’ नावाचा जो अमेरिकन प्रकार हल्ली मुलांच्या कानांत दिवसभर घुमत असतो, त्याचा आणि वसंत व्याख्यानमालेचा संबंध काय, असा त्यांचा प्रश्न. उलट तरुण मंडळींना शंका ही की, जन्मभर नाट्यपदे ऐकत आलेल्या माणसाला रॅपमधले काय कळणार? दोन्ही शंका रास्त आहेत. तथापि आज ज्या गोष्टीची फोड करावयाची आहे ती या दोन्ही पक्षांच्या घरातली आहे. एक नावाजलेला गायक काही वर्षे गप्प बसतो, कधी रीतसर निरोपही घेतो, आणि मग एके दिवशी नवी गाणी घेऊन पुन्हा लोकांपुढे उभा राहतो. तो उभा राहताच त्याच्या चाहत्यांतच उभी फूट पडते. निम्मे म्हणतात, ‘वा, अजून तोच दम आहे!’ आणि निम्मे म्हणतात, ‘कशाला आला? घरी बसला असता तर नाव तरी राहिले असते.’ गाणे एकच, ऐकणारे एकाच वेळी एकाच आवडीने जमलेले. मग हे दोन निकाल कसे लागतात?

ज्यांना रॅप ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात एका तरुणीने मेजवानी ठेवली होती. तिचा भाऊ तबकड्या वाजवावयास होता. हे कुटुंब जमैका बेटावरून आलेले. या भावाला लोक कूल हर्क म्हणत. गाण्यातल्या ज्या तुकड्यात नुसता ताल उरतो त्या तुकड्यावर नाचणाऱ्यांना अधिक चेव येतो, हे त्याने हेरले, आणि दोन यंत्रांवर दोन तबकड्या ठेवून तो तुकडा लांबवीत नेला. त्या तालावर माईक हाती घेऊन यमके जुळवीत बोलणे, हाच रॅप. सुरापेक्षा शब्द आणि लय यांवर त्याची भिस्त. त्यात बढाई असते, प्रतिस्पर्ध्याला चिमटे असतात, गल्लीचे सुखदुःख असते. आपल्या कोकणातला शक्ती-तुरा ज्यांनी रात्रभर जागून ऐकला आहे त्यांना हे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. समोरच्या शाहिराला सवाल टाकून कोंडीत पकडावयाचे आणि त्याचा जबाब येईपर्यंत ढोलकी थांबू द्यावयाची नाही, ही ईर्ष्या दोन्हीकडे सारखीच. धारावीतील मुलांनी हाच प्रकार आपल्या बोलीत आणला, आणि २०१९ साली ‘गली बॉय’ या चित्रपटामुळे तो घरोघर माहीत झाला.

आता परत येणाऱ्या रॅपरचे उदाहरण पाहू. जे-झी या नावाने गाणारे शॉन कार्टर हे या क्षेत्रातले फार मोठे नाव. २००३ साली त्यांनी एक संग्रह काढला, हा आपला अखेरचा असे जाहीर केले, आणि २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाची मैफल केली. निरोप मोठ्या थाटाचा होता. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २००६ मध्ये, हे गृहस्थ ‘किंगडम कम’ हा नवा संग्रह घेऊन परतले. पहिल्याच आठवड्यात सुमारे ६ लक्ष ८० हजार प्रती खपल्या. खप पाहिला तर हे परत येणे यशस्वी म्हणावयास हरकत नव्हती. परंतु समीक्षकांत आणि चाहत्यांत मात्र खुसखुस सुरू झाली. सदतिशीला टेकलेला, आता एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचा अध्यक्ष झालेला हा माणूस आपल्या वयाचीच फुशारकी मारीत होता. तिशी उलटली म्हणजे काय बहार असते, हे पटवून देण्यासाठी त्याने एक अख्खे गाणे खर्ची घातले होते. जो वय झाल्याचे इतके ठासून नाकारतो त्याच्या वयाकडेच लोकांचे लक्ष जाते! पुढे २०१३ साली त्यांनी स्वतःच आपल्या सगळ्या संग्रहांचा क्रम लावला तेव्हा ‘किंगडम कम’ला शेवटची जागा दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सगळ्याच गाण्यांना वयाचे असे भय नसते. आपल्या उरण तालुक्यातील आगरी वस्तीत लग्नात धवला गाणारी धवलारीण असते. मांडव पडण्यापासून हळदीपर्यंत आणि पुढेही विधी तिच्या गाण्याने चालतात. ही बाई बहुधा वयस्कच. तिचा आवाज चिरका झाला म्हणून कोणी तिला मांडवाबाहेर काढीत नाही. तिला जितकी लग्ने ठाऊक, जितकी गाणी मुखोद्गत, तितका तिचा मान मोठा. तिच्या बाबतीत ‘परत आली’ हा शब्दच लागू पडत नाही, कारण ती कधी गेलेलीच नसते. कीर्तनकाराचेही तसेच आहे. पांढरे केस त्याच्या निरूपणाला वजनच देतात. परंतु काही कलाच अशा आहेत की, तारुण्य हा त्यांच्या सामग्रीचा भाग असतो. रॅप ही तशी कला आहे. आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाची कला तर त्याहूनही अधिक तशी होती. म्हणून या प्रश्नाचे सगळ्यात मोठे उदाहरण शोधावयास अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. ते आपल्याकडेच आहे.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्यांना हे नाव दिले असे सांगतात. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९११ साली ‘मानापमाना’त भामिनी झाले, १९१३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी १९१६ ची, ‘एकच प्याल्या’तील सिंधू १९१९ ची. भास्करबुवा बखल्यांची तालीम, तबल्यावर अहमदजान तिरखवाँ, सारंगीवर कादरबक्ष, अंगावर खरा शालू, खऱ्या अत्तराचा घमघमाट. त्यांचे लुगडे नेसणे आणि केसांत फुले माळणे पाहून घरंदाज स्त्रिया तसे करू लागल्या, हे आपण आजीकडून किंवा पणजीकडून ऐकले असेल. हे सगळे इतके उत्तम होते की त्याचा खर्च पेलणे कंपनीला शक्य नव्हते. मंडळी कर्जात बुडाली. त्यात १९३१ साली बोलपट आला. जो प्रेक्षक रात्र रात्र नाट्यगृहात बसत असे, त्याला थोड्या पैशांत दोन-तीन तासांत नाटक आणि गाणे दोन्ही मिळू लागले.

१९३५ साली बालगंधर्व प्रभात फिल्म कंपनीत गेले आणि व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. चित्राचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. ते गांधीजींना उद्देशून आहे असे वाटून सेन्सॉरने हरकत घेतली, म्हणून बदलावे लागले. विचार करा : ज्याने पाव शतक रुक्मिणी आणि सिंधू पाहिल्या, त्या प्रेक्षकाने पडद्यावर पुरुषवेषातले एकनाथ कसे पाहावयाचे? भूमिका सोज्ज्वळ होती, पदे त्यांनीच गायिली होती. परंतु बोलपटात वन्समोअर नाही. एकाच पदाला पाच-सात वेळा वन्समोअर घेणारा, आणि दर वेळी पद नव्या वाटेने नेणारा हा गायक. त्याला एकदाच आणि ठरलेल्या मिनिटांत गावयास सांगितले, तर त्याचे मर्मच बाहेर राहते. प्रभातशी त्यांचा संबंध त्या एका चित्रावर संपला. दोन वर्षांनी बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, तेव्हा ते पन्नाशीला आले होते. रंगभूमीवर नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये दिव्यांचे आणि अंतराचे एक झिरझिरीत वस्त्र असते. कॅमेरा ते बाजूला सारतो. पन्नाशीचा चेहरा त्याच्यापुढे पन्नाशीचाच दिसणार.

तेव्हा ते फिरून रंगभूमीकडे वळले. गोहरबाई कर्नाटकी त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. त्या स्त्रीभूमिका करीत आणि बालगंधर्व पुरुषभूमिका. या बाईंवर महाराष्ट्राने जी टीका केली तिच्यातला बराचसा भाग गाण्याविषयीचा नव्हताच. आपल्या दैवताला वय झाले याचा राग कोणावर तरी काढावयाचा होता, तो त्यांच्यावर निघाला, असे माझे मत आहे. पुढे उतारवयातही बालगंधर्व स्त्रीवेष चढवून उभे राहत, आणि तेव्हा नाट्यगृहात दोन तट पडत. एका तटाला ते पाहवत नसे. दुसरा तट डोळे मिटून ऐकत असे.

या दोन तटांकडे जरा नीट पाहू. पहिल्या तटातली माणसे निर्दय होती असे समजू नका. त्यांच्यापाशी तबकड्या होत्या. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात तिने ऐन उमेदीतला आवाज लाखेत कोरून ठेवला होता. या तबकडीने गायकाचे भले केले आणि वैरही साधले. तबकडी येण्यापूर्वी गायक म्हातारा झाला की त्याचे तारुण्य केवळ आठवणीत उरे, आणि आठवण दयाळू असते. ती गायकाबरोबर म्हातारी होते. तबकडी मात्र तीस वर्षांनीही त्याच सुरात, त्याच तारुण्याने गाते. म्हातारा गवई ज्या गावी जाईल त्या गावी हा तरुण प्रतिस्पर्धी त्याच्या आधी पोहोचलेला असतो. शक्ती-तुऱ्यात समोरच्या शाहिराला सवालाने गारद करता येते. आपल्याच तबकडीला काय सवाल घालणार? रॅपरची अडचण याहून बिकट आहे. त्याचा जुना संग्रह आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. नवे गाणे संपताच बोट लावावयाचा अवकाश, जुने सुरू.

आणि तबकडीबरोबर आणखी कोणी तरी त्यात कोरले गेलेले असते : ऐकणाराच. विसाव्या वर्षी जे गाणे आपण ऐकले त्यात आपले विसावे वर्षही भरलेले असते. वीस-पंचवीस वर्षांनी उरणला परतलेला माणूस मिठागरे शोधू लागतो आणि त्याला कंटेनरांच्या राशी दिसतात. तो म्हणतो, उरण राहिले नाही. उरण आहे तेथेच आहे. बदल झाला हे खरे, परंतु त्याची जी हळहळ आहे ती निम्मी मिठागरांसाठी आणि निम्मी मिठागरांच्या बांधावरून धावणाऱ्या स्वतःसाठी असते. परत आलेल्या गायकाकडे आपण असेच काहीतरी मागतो, जे देणे त्याच्या हाती नसते.

दुसरा तट, डोळे मिटून ऐकणारा. त्याला काय ऐकू येत होते? हे समजून घेण्यासाठी थोडे शरीरशास्त्र. वय वाढते तसे स्वररज्जूंची लवचिकता कमी होते, कंठातील कूर्चा ताठर होतात, फुप्फुसांत हवा धरण्याची शक्ती उणावते. उंच सूर निसटू लागतात, लांब दम टिकत नाही, आवाजात कंप येतो. रॅपरलाही हेच, कारण घाईची यमके एका श्वासात फेकणे हे फुप्फुसाचे आणि जिभेचे काम आहे. परंतु सूर कोठे ठेवावयाचा, लयीत किती मागे रेंगाळावयाचे, कोणत्या अक्षरावर थांबावयाचे, हे कंठात नसते. ते जाणिवेत असते, आणि ती जाणीव सहसा वयाबरोबर वाढते. बालगंधर्वांच्या उतारवयातील भजनांत आवाजाची ती झळाळी उरली नव्हती. लय मात्र होती, आणि शब्द उच्चारण्याची ती आर्जवी रीत होती. डोळे मिटलेल्या श्रोत्याला तेवढे पुरत होते. किंबहुना रूपाचा आणि शालूचा अडसर गेल्यामुळे ते त्याला अधिक स्वच्छ ऐकू येत होते.

तेव्हा दोन्ही तट खरे बोलत होते. एक म्हणत होता, ‘गेले’. आणि जे गेले ते गेलेच होते. दुसरा म्हणत होता, ‘आहे’. आणि जे होते ते होतेच. फक्त दोघे एकाच वस्तूविषयी बोलत नव्हते.

येथे ‘योग्य वेळी थांबावे’ या उपदेशाविषयी बोलले पाहिजे. हा उपदेश देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. थांबणे ज्याला परवडते त्याने जरूर थांबावे. जे-झी यांना २००६ साली परत येण्याची पोटासाठी गरज नव्हती. बालगंधर्वांच्या पाठीशी कर्ज होते, आश्रित होते, आणि गाण्यावाचून दुसरा कोणताही व्यवहार त्यांना येत नव्हता. साठीच्या माणसाने लुगडे का नेसावे, असे विचारणाऱ्याने त्याच्या चुलीची चौकशी आधी करावी. त्यांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ साली पद्मभूषण मिळाले, पुण्याच्या रंगमंदिराला नाव मिळाले. त्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली. वास्तूचे उद्घाटन झाले ते २६ जून १९६८ रोजी, आणि त्याआधी वर्षभरापूर्वी, १५ जुलै १९६७ ला, ते गेले होते. मान पुष्कळ मिळाला. परंतु हालात गेलेल्या वर्षांना तो पुरा पडला असे कोण म्हणेल?

तर मग परत येणे साधते केव्हा? माझ्या समजुतीप्रमाणे, आलेले वय गाण्याच्या आत घेतले तर. ते दाराबाहेर उभे करून ठेवले तर ते बाहेरून दार ठोठावीत राहते आणि श्रोत्याला त्या ठोठावण्यावाचून काही ऐकू येत नाही. २००६ चे जे-झी यांचे असेच झाले. तेच गृहस्थ २०१७ च्या जून महिन्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणखी एक संग्रह घेऊन आले. त्यात बायकोशी केलेल्या प्रतारणेची कबुली होती, मुलीची चिंता होती, आईचे मन समजून घेणे होते, पैसा राखण्याविषयी चार पोक्त शब्द होते. विशीतल्या मुलाला हे लिहिताच आले नसते. या वेळी जुन्या तबकडीशी तुलना करण्याचे फारसे कोणाच्या मनात आले नाही, कारण जुन्या तबकडीत हा विषयच नव्हता. आउटकास्ट या जोडीतले आंद्रे ३००० यांनी तर निराळीच वाट धरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचा संग्रह आला, त्यात रॅपचा एक शब्द नाही, सगळी बासरी. पहिल्याच रचनेच्या लांबलचक नावातून त्यांनी जणू माफी मागितली आहे की, रॅप करावयाचा मनापासून विचार होता, पण वारा इकडे घेऊन आला. एका मुलाखतीत ते म्हणाले की, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी कशावर रॅप करू, डोळे अधू होत चालले त्यावर की दवाखान्यातल्या तपासण्यांवर? त्यांच्या चाहत्यांत अर्थातच फूट पडली. मला विचाराल तर त्या अधू डोळ्यांवरचा रॅप ऐकावयास मी तिकीट काढून गेलो असतो. आमच्या संतांनी गात्रे शिथिल झाल्यावर अभंग लिहिले आहेत, आणि ते काही त्यांचे कमी वाचले जाणारे अभंग नव्हेत.

आता शेवटचे उदाहरण. ते म्हाताऱ्या गवयाचे नाही, म्हणूनच बोलके आहे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व, यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीचा. बालवयातच त्यांनी मोठमोठ्या गवयांच्या हुबेहूब नकला करून परिषदा गाजवल्या होत्या. मग मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांची तालीम झाली. ऐन तेविशी-चोविशीत क्षयाने त्यांना गाठले. १९४८ च्या आरंभी हवापालटासाठी ते माळव्यात देवासला गेले. गावयाची मनाई. पाच-सहा वर्षे अंथरुणावर पडून, खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायाबापड्यांची माळवी गाणी ऐकण्यापलीकडे काही नाही. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते.

श्रोते आले ते जुना कुमार ऐकावयास. पूर्वीची ती सलग, दमदार बरसात त्यांच्या कानांत होती. पुढे बसला होता तो गवई लहान लहान स्वरवाक्ये टाकीत होता, मध्येच थांबत होता, एकदम एखादा तीव्र सूर विजेसारखा फेकून गप्प होत होता. ख्यालाला माळव्याच्या लोकधुनांचा वास येत होता. विद्वानांत खळबळ उडाली. विलंबित कोठे आहे, घराणे कोणते, ही रागाची मोडतोड नव्हे काय, असे प्रश्न झाले, आणि ते वर्षानुवर्षे चालले. ज्यांना हे गाणे भिडले त्यांना मात्र दुसरे गाणे नकोसे झाले. हा थांबा श्वासाच्या उणिवेतून आला की विचारातून, यावर जाणकारांत अजूनही एकमत नाही. मला तो भेद फार महत्त्वाचा वाटत नाही. उणीव असेल, पण तिला त्यांनी झाकले नाही. तिची त्यांनी रीत केली.

याच कुमारांनी पुढे बालगंधर्वांची पदे गाण्याचा कार्यक्रम केला. बालपणी हुबेहूब नकलेसाठी नावाजलेला हा गायक. त्याने ठरवले असते तर त्या पदांची नक्कल मनात येईल तेव्हा केली असती, आणि वन्समोअरही घेतले असते. त्यांनी तसे केले नाही. आपल्या आवाजात, आपल्या एका फुप्फुसाच्या बळावर, आपल्या थांब्यांसकट त्यांनी ती पदे गायिली, आणि कार्यक्रमाचे नाव ठेवले ‘मला उमजलेले बालगंधर्व’.